सत्तेचाळीस अभिप्राय, तपासून

४ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

ही नोंद मी हौसेने ठेवत नाही. ठेवणे भाग पडले आहे. काल आमच्या चित्रपट मंडळाच्या अध्यक्षांचा, म्हणजे दातांच्या डॉक्टरांचा, फोन आला. म्हणाले, तुमच्याविरुद्ध तोंडी तक्रार आहे. शनिवारच्या खेळानंतर प्रेक्षकांनी अभिप्रायाची जी कार्डे भरून दिली, ती मी लाल पेनने तपासली, गुण दिले आणि काही जणांना पुन्हा लिहायला परत केली, असा आरोप. आरोप खरा आहे. त्यात तक्रार करण्यासारखे काय, हे मात्र डॉक्टरांना सांगता आले नाही. दुसऱ्याच्या तोंडात बोटे घालून आयुष्य काढलेल्या माणसाला नेमके उत्तर देण्याची सवय नसते.

तेव्हा आजपासून तारीखवार नोंद. पुढे कोणी काही बोलले तर वही पुढे करता येईल.

हकिकत अशी. वाचनालयाच्या वरच्या सभागृहात आमचे मंडळ महिन्यातून एक चित्रपट दाखवते. अकरा वर्षे मी सेक्रेटरी. या वेळी एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या बाईवरचा माहितीपट होता. तो अजून पुरा झालेला नाही. दिग्दर्शिका तरुण आहे, केसांत पेन्सिल खोचते. तिने आधीच सांगितले होते की वाहिनीने दिलेल्या वेळेपेक्षा माहितीपट आठ मिनिटांनी लांबला आहे, आणि काय ठेवायचे, काय कापायचे हे प्रेक्षकांच्या कार्डांवरून ठरवणार. सगळ्यात आधी डोळा आहे तो शाळेच्या भागावर. तोही आठ मिनिटांचाच. वीस तारखेला ती स्वतः कार्डे न्यायला येणार. "आहेत तशी द्या" असेही म्हणाली. आहेत तशी म्हणजे गबाळी, असा अर्थ कोणी जबाबदार माणूस काढणार नाही.

आता मुख्य मुद्दा. ही ड्रमवाली ज्या शाळेत आठवीला होती तिथे त्या वर्षी आठवीला गणित शिकवणारी मी एकटीच होते. माहितीपटात "गणिताच्या बाई" येतात. त्या बाई मी. हे अजून कोणालाही माहीत नाही.

शाळेचा भाग राहिला पाहिजे. जमल्यास वाढला पाहिजे.


५ नोव्हेंबर, दुपारी

प्रामाणिकपणे नोंदवते. तो भाग चालू असताना मी सभागृहात नव्हते. दाराबाहेर होते. चौघे उशिरा आले, आणि वेळेनंतर कोणालाही आत सोडायचे नाही हा नियम माझाच आहे. चौघांना घड्याळ दाखवण्यात आठ-दहा मिनिटे गेली. पण दारातून आतला हशा ऐकू आला, आणि मग टाळ्या. दिवे लागल्यावर सगळे मान वळवून माझ्याकडेच पाहत होते. व्यवस्था चोख असली की लोकांच्या नजरेत भरते.

न पाहिल्याने काही बिघडलेले नाही. सत्तेचाळीस कार्डांपैकी एकतीस कार्डांत गणिताच्या बाई आहेत. ड्रमवालीचा नवरा फक्त चार कार्डांत आहे.

काही उदाहरणे, माझ्या शेऱ्यांसह.

"बाईंना विसरणं शक्य नाही." आठ गुण. अक्षर सुधारावे.

"त्या बाई अजून आहेत का?" समासात लिहिले: आहेत.

"बाईंचा फोटो आला तसे मी हात मांडीवरून काढून खुर्चीच्या हातावर ठेवले." दोन गुण. विषयाला सोडून. पण फोटो आहे हे कळले. वर्गाचा असणार. त्या वर्षी मी डावीकडून तिसरी होते, बरी आले होते.

"बाई बघून अंगावर काटा आला." सात. कारण द्यावे.


६ नोव्हेंबर

मुलगी आठवायचा प्रयत्न केला. साठ मुलींचा वर्ग. चेहरा येत नाही.

माझे हे खेळाला पहिल्या रांगेत होते. त्यांना विचारले, शाळेचा भाग कसा वाटला. चष्मा पुसायला लागले. म्हणाले, तूच एकदा बघ. मी म्हटले, मी तुमचे मत विचारते आहे. तर म्हणाले, ऐकू थोडे कमी आले. चाळीस वर्षांत ह्यांना कमी ऐकू आल्याचे मी पाहिलेले नाही. ऐकून न ऐकल्यासारखे करतात, ते वेगळे.


७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५

परत करण्याजोगी कार्डे: एकोणीस. जोडीला एकेक कोरे कार्ड घेऊन घरोघरी आणि दुकानोदुकानी स्वतः जात आहे; जुने दाखवायचे, नवे भरून घ्यायचे. पोस्टाने पाठवली तर लोक टाळतात.

आज टेलरिंगवाल्या बाईंकडे. त्यांनी लिहिले होते: "तिचा ड्रमवरचा पाय बघून मला माझं मशीन आठवलं. माझाही उजवा पाय असाच चालतो. तेवीस वर्षं झाली, कुणी टाळी वाजवली नाही." मी तीन गुण दिले होते. प्रश्न माहितीपटाबद्दल आहे, मशीनबद्दल नाही. त्या म्हणाल्या, बाई, मी पिक्चर बघायला आले होते, पास व्हायला नाही. मग म्हणाल्या, पण तुमच्यासमोर नाही म्हणायची छाती कुणाची आहे, द्या इकडे. आणि पायाने मशीन चालवत चालवत एका हाताने लिहून दिले: "माहितीपट उत्तम व उद्बोधक आहे. शाळेचा भाग विशेष." असे हवे.

निघताना त्यांनी विचारले, तुम्हाला तो भाग बघून काही वाटलं नाही का? मी म्हटले, समाधान वाटले. त्यांनी दाताने दोरा तोडला आणि बराच वेळ सुईत ओवत राहिल्या.


८ नोव्हेंबर

प्लंबर. त्याच्या कार्डावर होते: "दुसऱ्या गाण्यात मागे टकटक येते ती ड्रमची नाही, सभागृहाच्या पाइपची आहे. वॉशर बदला." निरीक्षण बरे, पण अभिप्राय नव्हे. तो दुसऱ्यांच्या सिंकखाली आडवा होता. मी कोरे कार्ड आणि पेन खाली सरकवले. खालून आवाज आला, की आई, शाळेत पण माझी वही अशीच परत यायची, म्हणून तर मी इथे खाली आहे. मी म्हटले, अजून वेळ गेलेली नाही. कार्ड ओले होऊन परत आले. "शाळेचा भाग चांगला. बाई डेंजर." डेंजर खोडून मी "करारी" लिहिले. त्याची हरकत नव्हती. तो पाण्यात होता.

मुलगी थोडी आठवू लागली आहे. खिडकीजवळचे बाक. तल्लख डोळे.


९ नोव्हेंबर, रविवार

निश्चय: रोज पंधरा मिनिटे ड्रमचा अभ्यास. ज्या विषयावर आपल्याला बोलायचे आहे तो आपल्याला आला पाहिजे. दोन पेन्सिली, जेवणाचे टेबल, जमिनीवर उजवी टाच. हाताने चार मोजायचे, पायाने एक आणि तीनवर ठोका. हे तर अंकगणित झाले.

पाय हाताचे ऐकत नाही. हात थांबवला की पाय चालतो, पाय चालला की मी मोजायचे विसरते. चार मिनिटांनी हे पेपर घेऊन गॅलरीत गेले. सहाव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, काही पडले का. गुडघा दुखतो आहे. उद्यापासून फक्त हात.


१० नोव्हेंबर

डॉक्टरांचा पुन्हा फोन. आता तीन तक्रारी. म्हणाले, लाल पेन बघून एका बाईंना रक्तदाबाची गोळी घ्यावी लागली. मी लाल पेन कपाटात ठेवून दिले आहे. यापुढे हिरवे.

डॉक्टरांचे स्वतःचे कार्ड मी तपासलेले आहे. त्यावर दोनच शब्द: "आवाज फार." पाचपैकी चार प्रश्न कोरे. पण अध्यक्ष असल्यामुळे नापास केले नाही. यालाच समजूतदारपणा म्हणतात.

गुडघ्यामुळे ड्रमचा अभ्यास तात्पुरता स्थगित.


११ नोव्हेंबर, सकाळी

निवृत्त बसचालकांनी माझे काम सोपे केले. त्यांचे कार्ड: "बाईंनी पोरीचे हात बांधले, म्हणून तर पाय तयार झाले. क्लचवर असा पाय मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नाही." हात बांधले ही अतिशयोक्ती. मी कोणाचेही काहीही बांधलेले नाही. पण मूळ विचार बिनचूक आहे. नऊ गुण. आजवरचे सर्वाधिक.

याचा अर्थ असा: त्या बाई नसत्या तर ही मुलगी ड्रमवाली झालीच नसती.

हे वाक्य वहीत वेगळे लिहून खाली दोन रेघा मारल्या. दिग्दर्शिकेने माझा इंटरव्ह्यू घेतला पाहिजे. मुद्दे काढले, एकूण चौदा. मुद्दा पहिला: शिस्त आणि ठेका. मुद्दा सातवा: त्रैराशिक आणि ठेका. मुद्दा अकरावा: त्या मुलीत काहीतरी वेगळे आहे हे माझ्या तेव्हाच लक्षात आले होते.

हो, आले होते. आता स्पष्ट आठवते. मीच तिला एकदा म्हटले होते की ताल म्हणजे तरी काय, अपूर्णांकच.


१२ नोव्हेंबर, दुपारी १२

दिग्दर्शिकेला फोन करून सांगितले की त्या गणिताच्या बाई म्हणजे मी.

ती हळूच म्हणाली, मॅडम, मला माहीत होतं. फोटोत तुम्ही अगदी अशाच दिसता. तुम्हीच फोन कराल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही फिल्म पाहिलीत ना? मी म्हटले, हो. आठ मिनिटांची फोड करून सांगण्याची ती वेळ नव्हती. तिने विचारले, शाळेचा भागही? मी म्हटले, त्या भागाचे महत्त्व मला सगळ्यांपेक्षा जास्त कळते. मग म्हणाली, तुम्ही बोलायला तयार असाल तर मला आवडेल, पण आधी तेवढा तुकडा पुन्हा एकदा शांतपणे बघा, मी लिंक पाठवते. नाही म्हणालात तरी मी समजू शकेन.

विनयशील मुलगी आहे. केसांतल्या पेन्सिलीबद्दल माझे मत बदलायला तयार आहे.

सभागृहातल्या सगळ्यांनी फोटो पाहिला आहे, हे नंतर लक्षात आले. म्हणजे कोणाला माहीत नाही असे नाही. बरेच झाले. आपण होऊन सांगण्यात आत्मस्तुती दिसली असती.


१३ नोव्हेंबर

लिंक आली. उघडली नाही. इंटरनेट हळू होते.


१४ नोव्हेंबर

इंटरनेट बरे. चष्मा मिळाला नाही. मिळाला तेव्हा कपाट आवरायला काढले होते.

ह्यांनी लॅपटॉप टेबलावर मांडून, उशी टेकायला लावून, खुर्ची तयार ठेवली होती. मी म्हटले, हा काय देखावा. तर म्हणाले, मी बाजूला बसतो. मी म्हटले, गरज नाही. गरज नव्हतीच.


१५ नोव्हेंबर

उरलेल्या कार्डांचे काम. एकोणीसपैकी एकोणीस परत आली. दोघींनी एकमेकींचे पाहून लिहिले आहे, दोन्ही रद्द करणार होते, पण "शाळेचा भाग अत्यंत प्रेरणादायी" हे वाक्य दोन्हींत असल्याने ठेवली.

वाचनालयात ग्रंथपाल भेटले. मोजके बोलणारे गृहस्थ. म्हणाले, सेक्रेटरी बाई, एक विचारू? ती कागदाची गोष्ट खरी आहे का? मी विचारले, कुठला कागद. ते गडबडले, म्हणाले, नाही, असंच, आणि परत आलेल्या पुस्तकांच्या गाडीमागे गेले. सगळ्यांना अर्धवट बोलायची सवय लागली आहे.

लिंक आज नाही. आज शनिवार, डोळ्यांना विश्रांती.


१६ नोव्हेंबर

कुठला कागद?


१७ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

पाहिले. आठ मिनिटे दहा सेकंद.

जसे आहे तसे लिहिते.

ड्रमवाली स्टुलावर बसली आहे. केस बारीक कापलेले, पुढे पांढरे. रागावलेली नाही. चहाचा मग हातात. ती सांगते की आठवीत तिला बाकावर बोटे वाजवायची खोड होती. गणिताच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला दोन्ही तळवे बाकावर उपडे ठेवायला लावले, आणि खाली एक कोरा कागद. कागदावर बाईंची सही आणि तारीख. तासाच्या शेवटी कागद बघायचा. चुरगळलेला निघाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. एक दिवस नाही, पूर्ण वर्ष. हाताला घाम यायचा आणि घामाने कागद फुगून सुरकुतायचा, म्हणून न हलताही तो चुरगळलेला निघायचा. हे बाईंना सांगायची तिची हिंमत झाली नाही.

मग ती बाईंची नक्कल करते. एकच शब्द. "हात." तिथे सभागृहात हशा झाला असणार. आवाज हुबेहूब आहे. हे बाजूला बसले होते, त्यांनी आपले दोन्ही हात खिशात घातले.

मग फोटो. डावीकडून तिसरी.

मग ती सांगते, घरीसुद्धा जेवून झाले की ती हात टेबलावर तसेच उपडे ठेवायची, आई "ऊठ आता" म्हणेपर्यंत. पुढे सहा वर्षे तिने कशावरही काही वाजवले नाही. विसाव्या वर्षी सुरुवात केली, तीही पायाने. आणि म्हणते, लोक मला सांगतात, बाईंनी हात बांधले म्हणून तुझे पाय तयार झाले, बाईंचे उपकार मान. मला तसं वाटत नाही. बाई नसत्या तर सहा वर्षं आधी सुरू केलं असतं, एवढंच. आणि हसते. टाळ्या कोणासाठी होत्या तेही कळले.

मुलगी आठवली का, तर चेहरा अजूनही नाही. खिडकीजवळचे बाक मी बसवले होते, डोळेही मीच दिले होते. अपूर्णांकाबद्दल मी तिला काही म्हटले नव्हते. हात मात्र आठवले. आखूड बोटे, नखे कुरतडलेली, अंगठ्याखाली कागदाची कड. ते कागद मी वर्षाच्या सुरुवातीला एकदम सही करून ठेवत असे. वेळ वाचावा म्हणून.

जेवले नाही. भूक नव्हती, ऊनही फार होते.


१८ नोव्हेंबर, सकाळी

शांत डोक्याने विचार केला. माझे मत असे झाले आहे की शाळेचा भाग वगळावा. यात वैयक्तिक काही नाही. माहितीपट ड्रमबद्दल आहे, गणिताबद्दल नाही. आठ मिनिटे जास्त आहेत आणि तो भाग आठ मिनिटांचा आहे, हे दिग्दर्शिकेनेच सांगितले होते. शिवाय तो लांबतो. मला आठ मिनिटे दहा सेकंद फारच लांब वाटली.

प्रेक्षकांनाही वाटली असणार. चौथा प्रश्न, "कोणता भाग वगळावा?", त्याची सगळी उत्तरे पुन्हा वाचली. शाळेचा: शून्य. बावीस जणांनी उलट लिहिले आहे की तो भाग काहीही झाले तरी कापू नका. एकीने खाली तीन रेघा मारल्या आहेत. मी तेव्हा तिला टापटिपीचा एक गुण जास्त दिला होता.


त्याच दिवशी, दुपारी ४

सगळी कार्डे द्यायलाच हवीत असे नाही. दिग्दर्शिका कामात असते, तिला एका पानाचा सारांश सोयीचा पडेल. मसुदा केला: "बहुसंख्य प्रेक्षकांच्या मते शाळेचा भाग रेंगाळतो." हिरव्या पेनने लिहिला. मग वाटले, काळे बरे. काळ्यानेही वाचून पाहिला. अक्षर उत्तम आहे.

आयुष्यात मी उत्तरपत्रिकेतले एकाही मुलीचे उत्तर बदललेले नाही. गुण कापले, ते वेगळे. मग "करारी" आठवला. आणि टेलरिंगवाल्या बाईंचे मशीन, जे मी काढायला लावले.

मसुदा फाडला नाही. उलटा करून ठेवला.


१९ नोव्हेंबर, सकाळी ९

एक तरी मत हवे. खरे, मागून न घेतलेले. ह्यांनी खेळाच्या दिवशी कार्ड भरलेच नव्हते, असे विचारल्यावर कबूल केले. मी कोरे कार्ड समोर ठेवले आणि म्हटले, लिहा, खरे काय ते, मी बघणार नाही. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. एका कार्डाला ह्यांनी पंचवीस मिनिटे लावली. मग कार्ड डब्याखाली सरकवून फिरायला निघून गेले.

पहिले तीन प्रश्न कोरे. चौथा, कोणता भाग वगळावा: "शाळेचा." कारण: "त्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत. आठ मिनिटांत मावत नाहीत."

खाली आणखी एक ओळ लिहून खोडली आहे. उजेडासमोर धरून वाचली. "कागदाचं मात्र तिने कधी सांगितलं नव्हतं."

म्हणजे मला हवे होते ते मत मिळाले. एक, स्पष्ट, सकारण, स्वतःच्या अक्षरात.

आणि ते धरता येत नाही. परीक्षकाने जवळच्या नातेवाइकाचा पेपर तपासायचा नाही, हा नियम आहे. तीस वर्षे मी तशा हमीच्या कागदावर सही केली आहे. ह्यांच्या कार्डावर गुण दिले नाहीत.

हे परत आले तेव्हा मी भाजी चिरत होते. विचारले, वाचलंस? मी म्हटले, पहिले तीन प्रश्न का सोडले. म्हणाले, वेळ संपला. आम्ही दोघेही त्यानंतर भाजीबद्दल बोललो.


त्याच दिवशी, दुपारी

सगळ्या कार्डांवरचे लाल शेरे पुसायचा प्रयत्न केला. लाल शाई खोडरबरने जात नाही. दोन कार्डे फाटली. "आहेत" हे समासातले उत्तर तसेच आहे. ते चूक नाही.

पुन्हा लिहून घेतलेली एकोणीस वेगळी काढली. टेलरिंगवाल्या बाईंचे पहिले कार्ड पुन्हा वाचले. ते माहितीपटाबद्दलच होते. मला तेवढ्यावर तीन गुण कसे सुचले कोण जाणे. नवे गुण द्यावेत म्हणून पेन उचलले, ठेवून दिले.

मग एक कोरे कार्ड घेतले. सेक्रेटरीने अभिप्राय द्यावा की नाही याबद्दल नियम नाही. असता तर बरे झाले असते.


२० नोव्हेंबर, दुपारी १२.४०

दिग्दर्शिका सव्वाअकराला वाचनालयात आली. वेळ अकराची ठरली होती. मी काही म्हटले नाही.

तिला मी सांगितले की शाळेचा भाग चालू असताना मी दाराबाहेर होते, आणि बारा तारखेला फोनवर "पाहिली" म्हणाले ते खोटे होते. ती म्हणाली, मॅडम, तेव्हा अंदाज आला होता. सगळ्यांना सगळ्याचा अंदाज असतो, असे दिसते.

चौदा मुद्द्यांचे काय करू असे मी विचारायच्या आतच तिने सांगितले की लांबीचा प्रश्न मागच्याच आठवड्यात सुटला. वाहिनीने वाढीव आठ मिनिटे मान्य केली. काहीच कापायचे नाही. मला कळवायचे तिच्या डोक्यातून गेले. कार्डे आता फक्त ड्रमवालीला हवी आहेत, तिला लोकांनी काय लिहिले ते वाचायचे आहे म्हणून. इंटरव्ह्यूही नको, म्हणाली, भाग आहे तसाच पुरेसा आहे.

म्हणजे गेले दोन दिवस मी ज्याच्याशी झगडले ते आधीच ठरून गेले होते. खुर्चीवर बसले. ग्रंथपालांनी पाणी आणून दिले. त्यांना मी सांगितले की ती कागदाची गोष्ट खरी आहे. ते म्हणाले, बसा थोडा वेळ.

माझे कार्ड परत घ्यावे असे मनात आले. ड्रमवाली वाचणार हे माहीत असते तर वेगळे लिहिले असते. जास्त लिहिले असते, आणि वाईट लिहिले असते. म्हणून घेतले नाही.

सुपूर्द केले ते असे:

प्रेक्षकांची मूळ कार्डे, सत्तेचाळीस. लाल व हिरव्या शेऱ्यांसह. दोन फाटलेली, चिकटवून.

पुन्हा लिहून घेतलेली कार्डे, एकोणीस, वेगळ्या पाकिटात. पाकिटावर: "सेक्रेटरीने लिहून घेतली. धरू नयेत."

ह्यांचे कार्ड, एक. गुण नाहीत.

माझे कार्ड, एक. कोणता भाग वगळावा: कोणताही नाही. इतर काही: "घामाने कागद चुरगळतो हे मला सुचायला हवे होते. मी गणित शिकवत होते, आणि एवढे साधे मला कळले नाही." खाली नाव.

पोच घेतली. दिग्दर्शिकेची सही वाचता येत नाही. पुन्हा करायला सांगितली नाही.